लाभ, दोन, तीन, चार

नऊ गाणी. बावीस मिनिटं.
मी म्हटलं, पोरांनो, एवढ्या वेळात आमच्याकडं
नवरी मांडवातसुद्धा पोचत नाही.

मी लग्नाच्या शूटिंगला आवाज जोडतो,
विश्रामबागेत, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत,
सतरा वर्षं झाली.

बॅन्डचं नाव पेव.
हळद पुरायचे ते हरिपूरच्या मातीतले खड्डे,
उरलेत थोडे, त्यातही पाणी शिरून गेलेलं.
"आणि पेव फुटतं पण की," हर्षदा ऐवळे म्हणाली
आणि माझ्या महागड्या माईकवर
टिचकी मारली.

रविवार. मार्केट यार्डात सौदे बंद.
गोदामात गोण्यांची थप्पी ड्रमच्या मागं लावली की
आवाज घुमत नाही,
हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही.
बिरू कोळेकरनं पहिला ठोका हाणला
आणि तुळयांवरची कित्येक हंगामांची हळद
सावकाश खाली यायला लागली.
तिसऱ्या टेकला पापण्या पिवळ्या, तारा पिवळ्या,
सन्मती मगदूमची पिग्मीची वहीसुद्धा.
चौघांना एकाच मुहूर्तावर हळद लागली
आणि लग्न कुणाचंच नाही.

तौफिक मिरजेचा. घरात सतारी होतात,
आढ्याला भोपळे टांगलेले.
त्याच्या जुन्या गिटारीला तडा होता,
तो चुलत्यानं सरस लावून सांधला,
"लई चिडक्या तारा आहेत रे ह्या," म्हणत म्हणत
जवारी घासावी तसा तिचा ब्रिज
कानसेनं घासून दिला.
म्हणून ती किंचाळता किंचाळता
मध्येच गोड होते.
मी ते मशीनवर काढायला बघितलं. निघालं नाही.
मग काढावंसंही वाटेना.

चौथं गाणं पुराच्या रेघेचं.
हर्षदाच्या घरात भिंतीवर ती रेघ आहे,
तिच्या डोक्याच्या वीतभर वर.
ती गाताना उड्या मारते,
आवाज माईकवरून सुटतो, परत सापडतो.
मी दोनदा ओरडलो, जागेवर उभी राहा बाई.
मला वाटलं अंगातला जोश आहे.
घरी हेडफोन लावून ऐकताना कळलं,
पोरगी रेघेला हात लावायला बघतीय.

बिरूचे वडील डबा घेऊन आले होते.
दारातच उभे. चप्पल काढलेली,
कारण पलीकडं काटा आहे.
प्रत्येक गाण्याआधी पोरं ओरडायची, वन टू थ्री फोर.
पाचव्या वेळेला म्हातारा म्हणाला,
"पहिल्याला एक म्हणत नसतात.
माझा बाप पायलीनं ज्वारी मोजायचा,
त्यानं जन्मात एक म्हटलं नाही.
लाभ म्हणायचं. मग दोन."

कुणी हसलं नाही. हे मला आवडलं.

बिरूनं काठ्या वर धरल्या,
"लाभ, दोन, तीन, चार"
आणि ते गाणं असं सुटलं
की पत्र्यावरची कबुतरं थेट
यार्डाच्या गेटापर्यंत गेली.
शेवटी म्हाताऱ्याची शिंक आहे त्यात.
मी ती तीनदा कापली
आणि तीनदा परत चिकटवली.
सहाव्या गाण्याचं नाव आता शिंक.

त्या रात्री एका पाठवणीला सनई जोडत होतो.
मामा रडतायत, करवली रडतेय,
आणि माझा पाय टेबलाखाली
भलत्याच लयीत.

सोमवारी स्टँड विसरला होता तो आणायला गेलो.
सौदे चालू, धूळ, हमाल, चहाचे ग्लास.
कोळेकर काट्यापाशी.
गोणी चढली.
"लाभ," ते म्हणाले
आणि थांबले. गोणी खालून फाटली होती,
सुतळी शोधायला कुणीतरी पळालं.

मी दोनासाठी
पाय उचलून उभा.